कोरलचा फोटो: उजेड वाढवू नका, निळा कापा

घरातल्या रीफ टँकचा, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो बहुतेक जण रात्री काढतात. दिवसाचे पांढरे दिवे विझलेले असतात, टँकवर फक्त निळे उरलेले असतात, झोआ या मऊ कोरलची हिरवी-केशरी तोंडं आतून पेटल्यासारखी दिसतात आणि फोन आपोआप हातात येतो. फोटोत मात्र निळा लगदा उमटतो. मग कोणी खोलीतली ट्यूब लावतं, कोणी फ्लॅश मारतं, कोणी नाइट मोड लावून श्वास रोखून उभं राहतं. ट्यूब लावली की काचेवर सोफा, पंखा आणि स्वतःचं पोट दिसतं. फ्लॅश मारला की कोरल मळकट तपकिरी येतं. आणि नाइट मोडमध्ये तोच निळा लगदा येतो, जरा जास्त उजळ.

तिन्ही उपायांमागे समज एकच: इथे उजेड कमी आहे. माझं सगळं म्हणणं या समजाविरुद्ध आहे. उजेड पुरेसा आहे, पण तो एकाच रंगाचा आहे. त्यामुळे भर घालून काही होत नाही, वजाबाकी करावी लागते.

हे मला कॅमेऱ्याच्या आधी नाटकाने शिकवलं. मी हौशी आणि प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत तर पुण्याच्या ‘भरत नाट्य मंदिरा’च्या लाइट केबिनमध्येच मुक्काम असतो म्हणा ना. रंगमंचावर रात्र दाखवायची म्हणून निळा वॉश टाकला की नायिकेची लालभडक साडी काळी पडते. उजेडात लाल किरणच नसतील तर साडीने परत काय पाठवायचं? मग नवखा दिग्दर्शक खालून ओरडतो, “ताई, अजून दहा टक्के वाढवा!” निळा कितीही वाढवला तरी लाल साडी लाल होत नाही. कॅमेऱ्याचंही तेच दुखणं आहे, आणि तोही आपल्याकडे दहा टक्केच मागत बसतो.

नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन फूट बाय दीड बाय दीडचा टँक आहे, काठोकाठ भरला तर साधारण सव्वाशे लिटरचा. त्यात सगळी मऊ कोरल आहेत: झोआ, डिस्कोसोमा मश्रूम, एक लेदर आणि मागच्या काचेवर पसरलेलं ग्रीन स्टार पॉलिप. खाली सांगते आहे ते या टँकवर, एका जुन्या क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या डीएसएलआरवर आणि ९० मिलिमीटरच्या मॅक्रो, म्हणजे जवळून टिपायच्या, लेन्सवर बसवलेलं आहे. फोनवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय, पण मधलं गाळू नका. फोनची अडचणही तीच आहे.

आधी डोळा कसा फसतो ते बघा. भरपूर उजेडात माणसाचा डोळा सर्वांत तल्लख असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी हिरव्याला. रीफच्या निळ्या एलईडीचा जोर ४५० च्या आसपास असतो, आणि तिथे डोळ्याची संवेदना ५५५ च्या मानाने चार टक्क्यांच्याही खाली येते. लक्स मीटर डोळ्याचीच नक्कल करायला बनवलेला असतो. म्हणून फोनमधलं लक्स मोजणारं ॲप निळ्या टँकसमोर धरलं की केविलवाणा आकडा दाखवतं, आणि तो बघून ‘कोरलला उजेड पुरत नाहीये’ म्हणत दिवे वाढवणारी माणसं मला ठाऊक आहेत. कोरल मात्र त्याच निळ्यावर मजेत जगतं. समुद्रात लाल किरण वरच्या काही मीटरमध्येच शोषले जातात, खोलवर पोचतो तो निळा. कोरलच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याच निळ्यावर अन्न बनवायला सरावलेलं असतं.

आता कॅमेरा. त्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांतले दोन हिरव्याचे, एक लालचा, एक निळ्याचा. उजेडाचा अंदाज बांधताना त्याचा भर बराचसा हिरव्यावर असतो. इथे हिरवा उपाशी, म्हणून तो एक्स्पोजर वाढवत नेतो. तोवर निळा ठिपका भरून वाहू लागलेला असतो. एकदा निळा भरला की पॉलिपच्या (कोरलच्या एकेका फुलासारख्या जिवाच्या) कडा, तोंडाभोवतीच्या रेषा, झालरीवरची नक्षी, सगळं एका सपाट निळ्यात बुडतं आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने वर येत नाही. म्हणून कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (कमी-जास्त उजेडाचा आलेख) दाखवायची सोय असेल तर पहिल्यांदा ती चालू करा. एकत्रित हिस्टोग्राम इथे खुशाल खोटं बोलतो: मधोमध छान डोंगर दाखवतो आणि निळा उजव्या भिंतीला धडकलेला असतो. निळ्यावर डोळा ठेवून एक्स्पोजर खाली आणा, मागच्या पडद्यावर चित्र काळोखं वाटलं तरी. फाइल रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या प्रकारात घ्या. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग ठरवून उरलेली माहिती टाकून देतो, आणि इथे नेमकी ती टाकलेली माहितीच लागते.

एवढ्यावरही व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं हा कॅमेऱ्याचा हिशेब, अडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो १०,००० केल्विनला संपतो, आणि निव्वळ निळ्या टँकला तेवढा पुरत नाही. म्हणून लेन्ससमोर पिवळं जिलेटिन, म्हणजे नाटकाच्या दिव्यांना लावतात तो पारदर्शक रंगीत पापुद्रा. पिवळा निळ्याला अडवतो, हिरव्याला आणि लालला जाऊ देतो. तिन्ही रंगांतली तफावत सेन्सरपर्यंत पोचायच्या आधीच कमी होते आणि व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्याच्या आवाक्यात येतो. बाजारात फोनच्या लेन्सवर चिमट्याने लावायचे पिवळे-नारिंगी फिल्टर मिळतात. ते चांगले असतात, घ्यायचे तर घ्या. माझ्याकडे नाटकाचे तुकडे पडलेलेच असतात, म्हणून मी ली कंपनीचं १०१ नंबरचं पिवळं आणि १०५ नंबरचं नारिंगी वापरते. हे जिलेटिन दिव्यासमोर लावायला बनवलेलं आहे, लेन्ससमोर नव्हे. पण ते इतकं पातळ असतं की सुरकुती आणि बोटांचे ठसे नसतील तर फोटोची धार फारशी बोथट होत नाही. कुठल्याही हौशी नाट्यसंस्थेत ओळख काढा, वीतभर तुकडा फुकट मिळेल. प्रयोगानंतर कापलेल्या कडा केबिनच्या कोपऱ्यात लोळत असतात. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारा चुरचुरणारा पिवळा जिलेटिन कागद मात्र आकाशकंदिलालाच ठेवा. तो कुठला रंग कुठे कापतो याला काही धरबंध नसतो, आणि त्यातून फोटो धुरकट येतो.

पिवळं की नारिंगी, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर कोरल देतं. कोरल निळा उजेड शोषून घेतं आणि त्यातला काही भाग हिरवा, केशरी किंवा लाल करून परत सोडतं. हे काम त्याच्या अंगातली चमकणारी प्रथिनं करतात. अशा प्रथिनांतलं पहिलं, हिरवं, ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळं काढलं. त्यावरच्या कामासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सियन या तिघांना मिळालं. लाल प्रथिन रशियन शास्त्रज्ञांना सापडलं ते डिस्कोसोमात, म्हणजे माझ्या टँकमधल्या मश्रूमच्याच गोतावळ्यात, आणि १९९९ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. त्या हिरव्याची चमक ५१० नॅनोमीटरच्या जवळ, त्या लालची ५८३ च्या आसपास. नारिंगी जिलेटिन निळ्यावर न थांबता हिरव्यातही आत घुसून कापतं. म्हणून हिरव्या झोआंना आणि स्टार पॉलिपला पिवळं, लाल-केशरी मश्रूमला नारिंगी, आणि एकाच फ्रेममध्ये दोन्ही असतील तर पिवळंच. नारिंगी लावून पूर्ण टँकचा फोटो काढला तर पाणी काळं, मासे राखाडी आणि मश्रूम निखारे, असं काहीतरी नाट्यमय मिळतं. मला ते आवडतं, पण टँक तसा दिसत नाही.

फ्लॅशने कोरल तपकिरी का येतं, तेही यातच आलं. फ्लॅशचा पांढरा झोत कोरलच्या स्वतःच्या चमकेला पार झाकून टाकतो आणि उरतो तो शैवालाचा तपकिरी रंग. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर काचेवरून सरळ परत येतो. माशांसाठी लोक टँकच्या वर फ्लॅश टांगतात, ते ठीक. निळ्या उजेडातल्या कोरलसाठी फ्लॅश कपाटात राहू द्या.

जिलेटिन लावल्यावर कॅमेऱ्याला पांढरं काय ते शिकवायचं, म्हणजे कस्टम व्हाइट बॅलन्स. त्यासाठी कोरलच्या शेजारी, त्याच उजेडात, एक पांढरी वस्तू हवी. झेरॉक्सचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुडवणारे महाभाग आहेत. त्या कागदात शुभ्रपणा खुलवणारी रसायनं असतात आणि टँकच्या जांभळ्या-निळ्या उजेडात ती स्वतःच चमकायला लागतात. कपड्यांच्या पावडरीतही तसलीच असतात, म्हणून पांढरा बनियन घालून टँकसमोर बसलेला माणूस निळा उजळतो. त्यावर उपाय कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप. जुन्या प्लास्टिक कार्डावर तिचे आठ-दहा पदर सपाट गुंडाळा. टेफ्लॉन स्वतः चमकत नाही, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही आणि सगळे रंग जवळजवळ सारखे परतवतो. कार्ड प्लास्टिकच्या काडीला बांधून कोरलच्या उंचीवर धरा, लेन्सवर जिलेटिन असतानाच त्याचा फोटो घ्या आणि कॅमेऱ्याला तो पांढरा म्हणून द्या. जिलेटिन बदललं की हे पुन्हा करायचं.

टँकमध्ये हात घालताना नायट्रिलचे हातमोजे घाला. झोआ आणि त्यांच्या पॅलिथोआ भावंडांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्या कोणाला सांगा, डोळे चोळू नका, आणि झोआ चिकटलेला दगड गरम पाण्यात टाकून साफ करायचा विचारही मनात आणू नका. वाफेतून बाधा झालेली कुटुंबं जगभरात आहेत.

व्हाइट बॅलन्स पूर्ण बिनरंगी करावा का? माझं मत: नको. शंभर टक्के निळा काढला की वाळू पांढरीफटक येते, दगड खडूसारखा दिसतो आणि रात्रीचा टँक दुपारचा वाटतो. मी शेवटी थोडा निळा परत घालते. रात्रीच्या प्रवेशात चेहऱ्यावर उबदार उजेड देऊन पडदा निळाच ठेवतो, त्याच हिशेबाने.

आता काच. लेन्स काचेला अगदी काटकोनात हवी, यात तडजोड नाही. पाण्यातून काचेत, काचेतून हवेत येताना किरण वाकतात, आणि तिरके आले तर प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. कॅमेरा जितका तिरका, तितकी कडांना जांभळी-हिरवी झालर आणि तितकं चित्र पुसट. वरच्या खडकावरचं कोरल टिपायचं तर कॅमेरा वर न्या, मान वर करू नका. पोलरायझर लावून प्रतिबिंब जाईल अशी आशा बाळगू नका. तो काचेला तिरकं, लंबापासून ५५ अंशांच्या आसपास बघताना उत्तम काम करतो. समोरून बघताना त्याचा उपयोग शून्य, आणि उजेड खातो तो वेगळाच.

प्रतिबिंब जातं ते काळ्या कापडाने. आमच्याकडे टँकच्या बरोबर समोरच्या भिंतीला देवघर आहे. फोटोसाठी संध्याकाळची समई विझवा, असं सासूबाईंना सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. गणपतीत तर चौकातल्या मंडपाच्या रंगीत माळा खिडकीतून थेट काचेवर उतरतात. म्हणून लक्ष्मी रोडवरून दीड मीटर काळं जाड सुती कापड आणलं, मधोमध लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडून त्याला इलॅस्टिक शिवलं. कापड दोन खुर्च्यांच्या पाठींवर टाकायचं, भोकातून लेन्स बाहेर, आपण मागे. सॅटिन घेऊ नका, ते स्वतःच चमकतं. याहून सुटसुटीत हवं असेल तर रबरी लेन्स हूड घ्या आणि तो सरळ काचेला टेकवा. बाहेरचा उजेड येण्याची वाटच बंद होते. कपडेही काळे घाला, हातातलं घड्याळ काढा.

काच आतून, काच घासायच्या मॅग्नेटने, आदल्या रात्रीच पुसा. ऐन वेळी घासलेलं शैवाल पाण्यात तरंगत राहतं आणि प्रत्येक कण ठिपका बनून फोटोत येतो. मॅग्नेटखाली वाळूचा कण अडकलेला नाही ना, तेही बघा. एक ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक फोटोत हजेरी लावतो. फोटोच्या आधी खाणं घालू नका.

सगळं मांडून झालं की पंप बंद. आधी स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र), मग रिटर्न पंप (खालच्या सम्प टाकीतलं पाणी वर चढवणारा), मग वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा). क्रम उगीच सांगत नाही: रिटर्न पंप थांबला की वरचं पाणी खालच्या सम्पमध्ये उतरतं, पातळी चढते, आणि चालू राहिलेला स्किमर मळकट फेस थेट फरशीवर ओततो. पाणी स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. हात घातल्याने, सावली पडल्याने मिटलेले झोआ तेवढ्यात पुन्हा उघडतात. माझं सगळं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर मधे पंप चालू करून टँकला श्वास घेऊ द्या. फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावा, कारण चांगला पॉलिप समोर असला की वेळ कळत नाही. ओल्या हाताने बटणं दाबू नका. खारं पाणी, वीज आणि उत्साह एकत्र येऊ देऊ नयेत.

पंप बंद असल्याने आता हळू शटर परवडतं, आणि इथेच उजेडाची सगळी भरपाई होते. मश्रूम जवळजवळ हलत नाही. ट्रायपॉड, लेन्सचं छिद्र एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ते ८००, शटर १/३० पासून सुरू करून गरज पडली तर १/८ पर्यंत खाली. लेदरचे पॉलिप थोडे डुलत असतात, त्यांना १/६० तरी हवा, आणि आयएसओ १६०० केला तरी आभाळ कोसळत नाही. दाणेदार फोटो साफ होतो, हललेला होत नाही. शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्थिरीकरण बंद ठेवा. गणपतीच्या आधीच्या महिन्यात नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. त्या दिवसांत मी तालमी संपल्यावरच कॅमेरा काढते.

फोकस हाताने. निळ्या उजेडात ऑटोफोकस चाचपडतो आणि हटकून काचेवरच्या एखाद्या गोगलगाईच्या पिल्लावर जाऊन बसतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठं करून झोआच्या तोंडाभोवतीची रेष धरा. मॅक्रोत फोकसची खोली किती तुटपुंजी असते याचा अंदाज हवा: क्रॉप सेन्सरवर एफ/८ ला, वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी येते आहे असं धरलं, तर पाऊण मिलिमीटरही धारदार येत नाही. थोडं मागे सरून निम्म्या आकारावर आलात तर तीच खोली सुमारे दोन मिलिमीटर होते. म्हणून मी फार जवळ जात नाही, नंतर फोटो कापते. छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक करून खोली वाढते खरी, पण विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून किरण पसरल्याने, सगळंच किंचित पुसट होतं. मॅक्रोत हे लवकर सुरू होतं, कारण मूळ आकाराच्या चित्राला एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. झोआची वसाहत समोरून सपाट दिसेल असा कोन निवडला तर अर्धी कटकट तिथेच मिटते. फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले फोटो जोडण्याचा मार्गही आहे, पण त्याला कोरलने दगडासारखं बसावं लागतं. मश्रूम बसतं, लेदर बसत नाही.

फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरू नका. मंद केलेले एलईडी बऱ्याचदा फार वेगाने उघडझाप करत असतात. डोळ्याला ती कळत नाही, इलेक्ट्रॉनिक शटरला कळते. शटर हळू करा किंवा मेकॅनिकल शटरवर या. तरी राहिले तर दिव्यांची तीव्रता वाढवून बघा. पूर्ण तीव्रतेला अनेक दिवे ही उघडझाप थांबवतात.

फोनचं आता. माझा भाचा आला की पहिलं वाक्य, “आत्या, माझ्या फोनला मॅक्रो मोड आहे.” बऱ्याच फोनांचा मॅक्रो मोड म्हणजे अतिरुंद कोनाची लेन्स, आणि ती या उजेडात सगळ्यात लंगडी. तो बंद करा. मुख्य लेन्स वापरा, थोडं मागे उभे राहा. तीनपटीची लेन्स निवडली असेल तर ती लेन्स बोटाने झाकून बघा: चित्र काळं झालं नाही, तर फोन उजेड कमी बघून गुपचूप मुख्य लेन्सवर आलाय आणि तेच चित्र कापून मोठं करून दाखवतोय. नाइट मोड बंद, कारण तो अनेक चित्रं एकावर एक रचतो आणि डुलणारा पॉलिप त्यात फासला जातो. फोन काचेला समांतर धरून कोरलवर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, मग एक्स्पोजर खाली ओढा. निळ्यात बारकावे दिसू लागले की थांबा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स सर्वांत वरच्या आकड्यावर आणि रॉ चालू. जिलेटिनचा तुकडा फोनच्या कव्हरखाली, लेन्सवरून ताणून बसवला तर पडत नाही. भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं, फोटो काढला आणि पाठवताना वर एक भलताच रंगीत फिल्टर चढवला. चालायचंच.

वरून काढलेला फोटो हा वेगळाच प्रकार आहे आणि माझा लाडका. कोरल तोंड वर करून वाढतं, रंगाची उधळण वरच्याच बाजूला असते. पण पाण्याचा पृष्ठभाग जरा हलला की चित्र वितळतं. चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या, नेमप्लेट बनवणाऱ्याकडून त्या मापाचा पारदर्शक ॲक्रिलिकचा गोल कापून आणा आणि बुरशीनाशक नसलेल्या, टँकसाठीच्या सिलिकॉनने तळाशी चिकटवा. दोन दिवस वाळू द्या, मग बादलीत बुडवून गळत नाही ना ते बघा. हे भांडं पाण्यात बोटभर बुडवायचं आणि आत कॅमेरा सरळ खाली रोखायचा. ॲक्रिलिकखाली अडकलेला बुडबुडा भांडं तिरकं करून सोडवा. वरचे दिवे थोडे बाजूला सरकवावे लागतात, आणि इथे मानेला कॅमेऱ्याचा पट्टा हवाच.

संपादनाबद्दल थोडक्यात. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत आणि पुरतात. आधी व्हाइट बॅलन्स टेफ्लॉनच्या कार्डावरून, मग निळ्याची संपृक्तता थोडी खाली, मग जरा काँट्रास्ट. लाल-हिरव्याची संपृक्तता ओढायचा मोह होईल. आवरा. एलईडीचा तो गडद निळा साध्या पडद्यांना दाखवता येणाऱ्या रंगांच्या बाहेरचा असतो, त्यामुळे डोळ्याला दिसला तसा हुबेहूब तो पडद्यावर येणारच नाही. आणि हे सगळं रात्री करत असाल तर फोनची किंवा लॅपटॉपची ‘नाइट लाइट’ बंद केली का ते बघा. ती चालू असताना केलेलं संपादन सकाळी निळंशार दिसतं.

पावसाळ्यात काम झालं की लेन्सचं समोरचं भिंग किंचित ओल्या मऊ कापडाने आणि मग कोरड्याने पुसा. टँकच्या आसपास मीठ उडतच असतं. त्यावर पुण्यातली जुलै-ऑगस्टची ओल, म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवली की झालं.

कोरलचे तुकडे विकणाऱ्या-विकत घेणाऱ्यांना एक विनंती. विक्रीच्या फोटोत एक फ्रेम पांढऱ्या उजेडातली, जिलेटिनशिवाय, शेजारी पट्टी ठेवून द्या. निळ्यातली चमकदार फ्रेम खुशाल जोडा, पण दुसरी. घेणाऱ्याने मागून घ्यावी. विकणारा ‘दगडी कोरल आहे, इथल्याच किनाऱ्यावरून काढलंय’ असं अभिमानाने सांगायला लागला, तर फोटो कितीही देखणा असो, तिथून उठा. खडक बांधणारी सगळी दगडी कोरल, काळं कोरल, समुद्रपंखे हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणला पाण्याखाली जाऊन त्यांचे फोटो काढता येतात. तिथे निळा कापायला वेगळी तयारी लागते, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.